पोफळीची वीज आणि खेळाचा संगणक

पोफळी हे चिपळूण तालुक्यातले, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे गाव. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचे वीजघर इथल्या डोंगराच्या पोटात आहे. घाटमाथ्यावरच्या शिवसागर जलाशयातले पाणी बोगद्यातून साडेचारशे मीटरांहून अधिक खाली उतरते आणि त्यावर आठ संच फिरतात. पहिला संच १९६२ मध्ये सुरू झाला. दोन्ही टप्प्यांची मिळून क्षमता ६०० मेगावॅट आहे. इथून सुटलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून अलोऱ्याला त्याच पाण्यावर पुन्हा वीज काढतात आणि मग ते वाशिष्ठीला मिळते. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. त्यामुळे कोयनेचे संच दिवसभर सरसकट चालत नाहीत. राज्याची मागणी चढते त्या वेळी, विशेषतः दिवेलागणीनंतर, ते जोरात चालवले जातात. शाळा-कॉलेज, नोकरी आटोपून घरातली मुले संगणकावर खेळायला बसतात तीही हीच वेळ.

विजेच्या या गावात आणि एकूणच कोकणपट्टीत खेळाचा संगणक घरात आला तो बराच उशिरा आणि वळणावळणाने. प्रत्येक दशकात ‘परवडणारा’ या शब्दाखाली वेगळे यंत्र विकले गेले. त्या यंत्रावर नवा खेळ चालेल की नाही हे ठरवणारा भाग मात्र बहुतेक वेळा एकच होता, आणि जाहिरातीत तोच सर्वांत अस्पष्ट लिहिलेला असे.

भारतात घरगुती संगणकाची वाट १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने थोडी मोकळी झाली. तोपर्यंत आयातशुल्क आणि परवाने यांमुळे संगणक ही बँका, विद्यापीठे आणि मोठ्या कारखान्यांची वस्तू होती. पुढे १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमची परवानाधारक आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने बाजारात आणली. तिची स्मृती होती ४८ केबी. पडदा म्हणून घरातला टीव्ही वापरायचा आणि खेळ गाण्यांच्या कॅसेटवरून चढवायचा. कॅसेट चालू असताना कर्कश आवाज येत राही, काही मिनिटे वाट पाहावी लागे आणि मध्येच वीज गेली की सगळे पहिल्यापासून. हा संगणक मोजक्या शहरी घरांपलीकडे गेला नाही. कोकणातल्या बहुतेक मुलांना पडद्यावरचा खेळ माहीत झाला तो टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममुळे. मुंबईहून गणपतीला किंवा मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात एखादा ‘लिटल मास्टर’ असे आणि वाडीतली पोरे पाळीपाळीने खेळत. ही स्वस्त यंत्रे जपानी निन्टेन्डोच्या धर्तीवर तयार झालेली होती. त्यांत निवडीचा प्रश्नच नव्हता. कार्ट्रिज बसले की खेळ चालू व्हायचा.

संगणक निवडावा लागतो हे कळायला आधी तो हाताळायला मिळावा लागतो. तशी संधी १९९० च्या दशकात शाळांच्या संगणककक्षांनी दिली. तिथली यंत्रे जुनी, पडदे एकरंगी किंवा फिकट. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि ‘डेंजरस डेव्ह’ हे दोन खेळ एका फ्लॉपीवर मावत आणि कोणत्याही यंत्रावर चालत, म्हणून एका पिढीने संगणक म्हणून आधी तेच पाहिले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. प्रमाणपत्रासाठी जाणाऱ्यांत खेळासाठी माउस धरायला शिकलेलेही कमी नसावेत.

खरी निवड सुरू झाली ती असेंबल्ड संगणकाच्या काळात, साधारण १९९५ ते २०१० या पंधरा वर्षांत. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, हे या व्यापाराचे माहेरघर. रेडिओच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ हळूहळू मदरबोर्ड, रॅम आणि हार्डडिस्कची झाली. नामवंत कंपनीचा तयार संगणक महाग पडे. तेच भाग सुटे घेऊन दुकानदाराकडून जोडून घेतले की बरेच पैसे वाचत. गिऱ्हाईक एका दुकानातून कोटेशन घेई, ते दुसऱ्या दुकानात दाखवी, आणि शंभर-दोनशे रुपयांसाठी संध्याकाळपर्यंत फिरे. कोटेशनच्या कागदावर वरून खाली ठरलेला क्रम असे: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क, सीडी ड्राइव्ह, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माउस, स्पीकर, यूपीएस. ग्राफिक कार्डाची ओळ बहुतेक कागदांवर नसेच, कारण ‘मदरबोर्डवरच आहे’ असे सांगितले जाई.

ते खोटे नव्हते. इंटेलने १९९९ पासून स्वस्त मदरबोर्डांच्या चिपसेटमध्ये चित्रे काढण्याची सोय दिली होती. ही सोय संगणकाच्याच रॅममधला काही भाग स्वतःसाठी घेई. पत्र टाइप करायला, गाणी ऐकायला, सिनेमा पाहायला ती पुरे. त्रिमितीय खेळाला मात्र प्रत्येक क्षणी लाखो बिंदूंचा हिशेब एकाच वेळी करावा लागतो आणि त्यासाठी वेगळी बनवलेली चिप व तिची स्वतःची वेगवान स्मृती हवी. थ्रीडीएफएक्सच्या ‘व्हूडू’ कार्डाने १९९६ मध्ये हे घरगुती ग्राहकाला पहिल्यांदा दाखवून दिले. १९९९ मध्ये एनव्हिडियाचे ‘जीफोर्स २५६’ आले आणि पुढची वाट ठरली.

इथेच आकड्यांची पहिली मोठी फसगत झाली. एनव्हिडियाने २००१ मध्ये ‘जीफोर्स ३’ आणले. पाण्याची चमक, सावली, प्रकाश यांसाठी लागणारे छोटे आज्ञावलीचे तुकडे, म्हणजे ‘शेडर’, त्यावर चालत. पुढच्या वर्षी स्वस्त ग्राहकांसाठी ‘जीफोर्स ४ एमएक्स’ आले. नावात ४ असल्यामुळे ते ३ पेक्षा पुढचे वाटे. आतून ते जवळजवळ ‘जीफोर्स २’ च होते आणि त्यात पिक्सेल शेडर नव्हते. भारतात ‘एमएक्स ४४०’ चांगले खपले. २००३ च्या अखेरीस ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा नवा भाग, ‘द सँड्स ऑफ टाइम’, आला तेव्हा ‘जीफोर्स ४ एमएक्स’ चालणार नाही, अशी तळटीप त्याच्या गरजांच्या यादीतच होती. शाळेत ज्याचा पहिला भाग कोणत्याही डबड्यावर चालला, त्याच राजपुत्राने आता नव्या कार्डाला दारातूनच परत पाठवले. ज्या मुलाने वडिलांना समजावून तीन हजार रुपये जास्त काढायला लावले होते, त्याची घरात काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको.

त्या काळात गाजलेले बहुतेक खेळ ग्राफिक कार्डाच्या याच अडचणीमुळे गाजले असे म्हणायला जागा आहे. ‘रोड रॅश’, ‘एज ऑफ एम्पायर्स’, ‘प्रोजेक्ट आयजीआय’, ‘काउंटर-स्ट्राइक’, ‘जीटीए: व्हाइस सिटी’, २००६ चा ‘क्रिकेट ०७’: साध्या यंत्रावर, थोडे अडखळत का होईना, चालणारे हे खेळ होते. महाराष्ट्रातल्या मुलांची आवड जितकी त्यांच्या मनाने ठरवली, तितकीच मदरबोर्डवरच्या इंटेलच्या चिपसेटने ठरवली. खेळाच्या अस्सल सीडी महाग असत. रस्त्यावर मिळणाऱ्या नकली सीडींनी आणि ‘डिजिट’सारख्या मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीतल्या नमुना खेळांनी तहान भागवली. संगणक नसलेल्यांसाठी सायबर कॅफे होते. तिथे तासाचे पैसे मोजून चार-सहा जणांनी एका जाळ्यावर ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणे हा शहरातला आणि मोठ्या तालुक्यातला सर्रास प्रकार होता.

पोफळीसारख्या ठिकाणी असेंबल्ड संगणकाचे गणित आणखी एका बाबतीत वेगळे पडे. गावात जलविद्युत केंद्र आहे म्हणून गावाची वीज जात नाही, असे होत नाही. वीजघरात तयार झालेली वीज उच्च दाबाच्या वाहिन्यांनी आधी राज्याच्या ग्रीडमध्ये जाते. घरात येणारी वीज नंतर उपकेंद्रातून, ११ केव्हीच्या वाहिनीवरून, वाडीच्या डीपीवरून फिरून येते. पावसाळ्यात आंब्या-फणसाची फांदी त्या वाहिनीवर पडली की सहाशे मेगावॅटच्या सावलीत कंदील लागतो. शिवाय २००० च्या दशकाच्या मध्यात राज्यभर विजेचा तुटवडा होता आणि ग्रामीण भागात रोज कित्येक तासांचे भारनियमन चाले. कोयनेचे संच राज्याच्या नडीला धावत होते, पण भारनियमनाचे वेळापत्रक कोकणातल्या खेड्यांनाही लागू होते.

म्हणून कोटेशनमधली शेवटची ओळ, यूपीएस, शहरात ऐच्छिक आणि इथे सक्तीची. नेहमीच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे साठा जेमतेम ८४ वॅट-तासांचा. जाड काचेचा मॉनिटर आणि पेन्टियम मिळून दीडशे ते दोनशे वॅट खेचत. त्यातून पंधरा-वीस मिनिटांवर काही मिळत नसे, आणि बॅटरी जुनी झाली की पाचच. तेवढ्यात खेळ जतन करून यंत्र नीट बंद करायचे. दोन-तीन पावसाळ्यांत बॅटरी बदलावी लागे आणि तो खर्च ‘स्वस्त’ संगणकाच्या किमतीत कोणी धरलेला नसे. दुसरा शत्रू वळीव. मे-जूनच्या विजांमध्ये टेलिफोनच्या तारेवरून आलेल्या झटक्याने मोडेम आणि कधी कधी त्याच्यासकट मदरबोर्ड जळत असे. त्यामुळे ढग दिसले की फोनची पिन उपटून ठेवायची, ही शिस्त घरातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ झाली होती. दमट हवेमुळे रॅमच्या पट्टीवर काजळी धरे. ती काढून खोडरबराने घासून परत बसवली की मेलेला संगणक जिवंत होई. दुरुस्तीवाला चिपळुणात किंवा घाट चढून कराडला. कॅबिनेट पाठीवर मारून एसटीने न्यायचे म्हटले की अर्धा दिवस मोडे.

किंमत खाली आणण्याचे प्रयत्न कंपन्यांनीही केले. माहिती-तंत्रज्ञान वस्तूंवरचे आयातशुल्क हटवण्याच्या १९९७ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकांवरचे शुल्क शून्यावर आले. त्याच वर्षी एचसीएलने ९,९९० रुपयांचा संगणक जाहीर केला. त्यात विंडोजऐवजी लिनक्स होते आणि प्रोसेसर अगदी बेताचा. शाळेच्या कामाला ते यंत्र ठीक. नवा खेळ त्यावर चालण्याची शक्यता नव्हती. कमी किमतीचा संगणक आणि खेळासाठी परवडणारा संगणक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यानंतर बाजाराला कधी विसरता आले नाही.

लॅपटॉप या चित्रात उशिरा आला. २००३ मध्ये इंटेलच्या ‘सेंट्रिनो’पासून तो हलका आणि बॅटरीवर टिकणारा झाला. भारनियमनाच्या प्रदेशात हा मोठाच गुण, कारण लॅपटॉपचा यूपीएस त्याच्या पोटातच असतो. किमती दशकाच्या शेवटापर्यंत मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. पण खेळाच्या दृष्टीने लॅपटॉप तेव्हा बदनाम होता आणि ती बदनामी रास्त होती. ग्राफिक चिप मदरबोर्डवर डाक देऊन बसवलेली, म्हणजे पुढे बदलता येत नाही. जागा कमी, पंखा छोटा, उष्णता कोंडलेली. २००८ मध्ये तर एनव्हिडियाला आपल्या लॅपटॉपच्या काही चिपा सदोष डाकामुळे निकामी होत असल्याचे जाहीर करून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवावे लागले. तापणे-थंड होणे या चक्रात चिपेखालच्या जोडांना तडे जात. ज्यांनी त्या काळात साठ-सत्तर हजार घालून ‘गेमिंग’ लॅपटॉप घेतला, त्यांतल्या अनेकांच्या पडद्यावर दोन-तीन वर्षांत रेघा उमटल्या.

२०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ ही सोय आली. साधे काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर आणि खेळ सुरू झाला की वेगळ्या चिपेवर, अशी आपोआप वाटणी होऊ लागली. २०१७ च्या आसपास मग खेळाचा परवडणारा लॅपटॉप ही स्वतंत्र जात झाली. लेनोवोने त्या वर्षी ‘लीजन’ हे नाव आणले, एसरचा ‘नायट्रो ५’ आला. २०१८ मध्ये असुसचा ‘टफ गेमिंग’, डेलचा ‘जी३’, एमएसआयचा ‘जीएफ६३’. एचपीचे ‘पॅव्हिलियन गेमिंग’ आणि २०२१ पासून ‘व्हिक्टस’. एप्रिल २०१९ मध्ये ‘जीटीएक्स १६५०’ ही चिप लॅपटॉपसाठी निघाली. चार जीबीची स्मृती, साधारण पन्नास वॅटची भूक आणि तेव्हाचा जवळपास कोणताही खेळ मध्यम दर्जाच्या चित्रात चालवण्याची ताकद. पन्नास ते साठ हजारांत ही चिप असलेला लॅपटॉप मिळू लागला आणि तीन-चार वर्षे तीच या बाजाराची मोजपट्टी राहिली.

विक्रीची पद्धतही बदलली होती. फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय सुरू केली, २०१३ मध्ये अॅमेझॉन भारतात आले आणि २०१४ पासून दसरा-दिवाळीचे मोठे सेल सुरू झाले. लॅमिंग्टन रोडला चक्कर न मारता घाटाखालच्या गावात खोके पोचू लागले. कोटेशनचा कागद हातात घेऊन घासाघीस करण्याची कला मात्र गेली. तिच्या जागी बँकेच्या कार्डावरची सूट, जुन्याच्या बदल्यात नवा आणि बिनव्याजी हप्ते यांचे गणित आले, जे दुकानदाराच्या चेहऱ्यापेक्षा वाचायला अवघड आहे.

घरातून पैसे निघण्याला एक सबळ कारण मिळाले ते अभियांत्रिकी शिक्षणाचे. रत्नागिरीचे फिनोलेक्स महाविद्यालय, खेडजवळ लवेलचे घरडा महाविद्यालय, किंवा पुण्या-मुंबईतला प्रवेश. निकाल लागला की लॅपटॉप हवाच. यंत्र आणि स्थापत्य शाखेत त्रिमितीय आराखड्यांची सॉफ्टवेअर लागतात आणि त्यांना वेगळे ग्राफिक्स असलेले बरे पडते. खेळालाही तेच लागते. त्यामुळे ‘अभ्यासासाठी’ घेतलेला लॅपटॉप काळ्या अंगाचा, लाल दिव्यांच्या कीबोर्डचा आणि अडीच किलोचा का आहे, याचे उत्तर प्रत्येक घरात तयार असते. ते उत्तर पूर्ण खोटे नसते हे विशेष. खेळासाठी निवडलेले यंत्र इतर कामांना पुरून उरते; उलटे सहसा होत नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर शाळा, नोकरी आणि करमणूक तिन्ही पडद्यावर आली. लॅपटॉपची मागणी जगभर उसळली, त्यात चिपांचा तुटवडा आणि आभासी चलन ‘खणणाऱ्यां’नी केलेली ग्राफिक कार्डांची उचल. सुट्या कार्डांच्या किमती इतक्या चढल्या की तेवढ्या पैशांत थोडी भर घालून अख्खा लॅपटॉप यावा. असेंबल्ड संगणक स्वस्त आणि लॅपटॉप महाग, हे वीस वर्षांचे समीकरण त्या दोन वर्षांत पार उलटले. त्यातच २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. दुकानांतला इलेक्ट्रॉनिक माल आणि घराघरांतले संगणक चिखलात गेले. पाण्याने झालेले नुकसान कंपनीच्या नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. उंचावर ठेवून किंवा पिशवीत घालून वरच्या मजल्यावर नेलेले लॅपटॉप तेवढे वाचले. ज्यांचे टेबलाखालचे कॅबिनेट गेले, त्यांनी नंतर पुन्हा कॅबिनेट घेतले असण्याची शक्यता कमी.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट अचानक जाहीर केली, लगेच ती पुढे ढकलली आणि अखेर नोंदणी व परवानगीच्या सौम्य पद्धतीवर प्रकरण थांबले. वस्तू व सेवा कर १८ टक्केच राहिला. किमतींवर याहून मोठा परिणाम चिपांच्या पिढ्यांनी आणि, २०२५ च्या अखेरीपासून, स्मृतीच्या महागाईने केला.

‘एमएक्स ४४०’ची गोष्ट या काळात नव्या कपड्यांत परत आली. २०२२ पासून विकली गेलेली ‘आरटीएक्स २०५०’ ही नावाने २० च्या मालिकेतली, आतून ३० च्या मालिकेतली, आणि स्मृतीकडे जाणारी वाट मात्र निम्म्या रुंदीची. एकाच नावाच्या दोन चिपाही सारख्या नसतात. ‘आरटीएक्स ४०५०’ लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे ३५ वॅटवर चालते किंवा ११५ वर. बारीक, देखण्या लॅपटॉपमध्ये ती गुदमरते. जाडजूड, चार झरोक्यांच्या लॅपटॉपमध्ये मोकळी धावते. वरच्या दर्जाची पण उपाशी चिप खालच्या दर्जाच्या पोटभर चिपेकडून हरते. हा वॅटचा आकडा विक्रीच्या पानावर ठळक नसतो, कंपनीच्या तपशीलपत्रकात शोधावा लागतो. सोबतच्या चार्जरवरूनही अंदाज येतो. दीडशे वॅटच्या चार्जरवर प्रोसेसर आणि ताकदवान चिप दोन्ही पूर्ण वेगाने पळू शकत नाहीत.

चार जीबीची ग्राफिक स्मृती आता नव्या खेळांना अपुरी पडते. डिसेंबर २०२४ च्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ने किमान आठ जीबी आणि रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांच्या हिशेबाने चित्र काढण्याची, सोय सक्तीची केली; ‘१६५०’ मध्ये ती सोय नाही, म्हणून तो खेळ तिथे सुरूच होत नाही. २०२५ मध्ये आलेल्या लॅपटॉपच्या ‘आरटीएक्स ५०५०’ला आठ जीबी मिळाले, तर आधीच्या ‘४०५०’ला सहाच होते. तरीही जुन्या चिपा एकदम निकामी ठरत नाहीत, कारण कमी बिंदूंचे चित्र काढून ते मोठे करून दाखवण्याच्या युक्त्या आल्या आहेत: एनव्हिडियाची डीएलएसएस २०१८ पासून आणि एएमडीची एफएसआर २०२१ पासून. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा खेळ तर बेताच्या यंत्रावरही सुखाने चालतो.  

रॅमबाबत कंपन्यांची एक काटकसर नेहमीची. १६ जीबी लिहिलेले असते, पण एकच पट्टी बसवलेली असते. आठ-आठच्या दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो आणि खेळात फरक दिसतो. दुसरी पट्टी नंतर घालता येते, फक्त रॅम डाक देऊन पक्की केलेली नसावी. साठवणीचेही तसेच. ‘बाल्डर्स गेट ३’ एकटाच १५० जीबी जागा मागतो आणि तीही एसएसडीवर. जिथे फायबर पोचलेली नाही आणि मोबाइलचा रोजचा दोन जीबी डेटा हाच इंटरनेट, तिथे हा खेळ उतरवायला अडीच महिने लागतील. अशा गावांत पुण्याहून येणाऱ्या मित्राची पोर्टेबल हार्डडिस्क अजून कामी येते.

विजेचा खर्च फार नाही. खेळताना दीडशे वॅट धरले आणि रोज तीन तास, तर महिन्याला साडेतेरा युनिट. पोफळीचे आठही संच पूर्ण क्षमतेने चालले तर असे चाळीस लाख लॅपटॉप एकाच वेळी चालतील. बॅटरीवर खेळण्याची आशा मात्र ठेवू नये. पन्नास-साठ वॅट-तासांची बॅटरी तासाभरातच संपते आणि तोपर्यंतही चिप आपला वेग उतरवून चालते. वीज वारंवार जाणाऱ्या घरात इन्व्हर्टरचा फायदा लॅपटॉपला चांगला मिळतो. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात चार्जर लावून पत्र्याच्या झाकणावरून बोट फिरवले की मुंग्या येतात. तो लॅपटॉपचा दोष समजून परत पाठवणारे पुष्कळ, पण दुरुस्ती भिंतीतल्या सॉकेटची करायची असते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे लॅपटॉप पेटीत बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वापरलेला बरा, कारण चालू यंत्राची ऊब ओल धरू देत नाही.

वॉरंटीत घरी येऊन दुरुस्ती लिहिलेली असली तरी ती पिनकोडवर अवलंबून असते, आणि घाटाखालच्या गावांना ती लागू आहे का हे पैसे भरण्याआधी कंपनीला फोन करून विचारावे. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा चालतो, रॅम आणि एसएसडी पुढच्या दिवाळीला वाढवता येतात, पडदा फिका वाटला तर बाहेरून मॉनिटर जोडता येतो. ग्राफिक चिप, तिची स्मृती आणि तिला मिळणारे वॅट हे तिन्ही खरेदीच्या दिवशी जे ठरतात तेच शेवटपर्यंत राहतात. हात आखडता घ्यायचाच तर या तिन्हींवर घेऊ नये.